सन स्पार्कस्टेशन ५ खेड्यात आणलंय, सुरू करण्याआधी काय काय तयारी करू?

काळीमाती · ११ मे, रात्री ९:४०

मंडळी, राम राम. मी हिंगणघाटजवळच्या एका खेड्यात राहतो, शाळेत गणित शिकवतो. मागच्या रविवारी नागपूरच्या भंगार बाजारातून सन मायक्रोसिस्टिम्सचं स्पार्कस्टेशन ५ घेऊन आलो. युनिक्सवर चालणारा जुना संगणक. चपटं, करडं मशीन. लांबी-रुंदी सोळा इंच आणि उंची तीन इंचही नाही. सोबत टाइप ५ चा कीबोर्ड आणि माउस मिळाला. माउसखालची बारीक चौकड्यांची चकचकीत पाटी मात्र हरवलेली आहे, आणि या माउसला तिच्याशिवाय हलणं कळत नाही. मोठा मॉनिटरही होता म्हणे. तांब्याच्या वेटोळ्यासाठी तो मी पोचायच्या आधीच फोडला गेला होता.

१९९८ मध्ये नागपूरला शिकत असताना आमच्या प्रयोगशाळेत असंच एक मशीन होतं. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाची पाळी मिळायची. युनिक्स ही संगणक चालवणारी प्रणाली मी पहिल्यांदा त्यावर पाहिली. एकाच मशीनवर चौघं चार ठिकाणांहून बसलेत आणि कोणाचं काम कोणाला अडत नाही, हे तेव्हा डोळ्यांना खरं वाटत नव्हतं. त्यामुळे भंगाराच्या ढिगात ते करडं झाकण दिसल्यावर पाय पुढे गेलाच नाही.

अजून प्लग लावलेला नाही. मागच्या पट्टीवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलंय, म्हणजे त्या बाजूने अडचण नसावी. पण हे मशीन किती वर्षं बंद होतं कोणालाच माहीत नाही. आत्ता बाहेर लू चालली आहे, रात्री दहालाही भिंती तापलेल्या असतात. सुरुवात कुठून करू?

रिवायंडिंगवाला · ११ मे, रात्री १०:१५

सर, बटन दाबू नोका. पयले एक सांगा, घरी अर्थिंग हाये का? खरं अर्थिंग म्हनतो मी, तीन पिनचा साकेट नाही. आपल्या इकडं दहा घरात आठ ठिकानी तिसऱ्या पिनीले वायरच नसते. लोक म्हनतात, टीव्ही चालते ना, मंग काय पाह्यजे!

मोटारी बांधून बांधून मले एवढं समजलं का वस्तू सहसा आपल्या वयानं मरत नाही, करंटानं मरते. रात्री वावरातले पंप सुरू झाले का घरचा होल्टेज १७० वर येते, अन् सगळे एकदम बंद झाले का २६० वर जाते. डीपीवर न्यूट्रल ढिला झाला तं सिंगल फेजवर ४०० पावेतो भेटू शकते. तुमचं मशीन तीस वर्षाचं हाये, त्याले असा झटका एकच पुरते.

जुनं_सोलारिस · १२ मे, सकाळी ७:०५

काळीमाती सर, अभिनंदन. मी मूळचा अकोल्याचा, आता बाहेर असतो. या मशीनवर बरीच वर्षं काम केलंय.

रिवायंडिंगवाले भाऊ म्हणतात ते आधी करा. तोवर मशीनच्या पोटातली एक गोष्ट सांगून ठेवतो. मदरबोर्डवर २८ पायांची, नेहमीपेक्षा जाड अशी एक काळी चिप सॉकेटमध्ये बसवलेली दिसेल. तिचं नाव एम४८टी०८. घड्याळ, मशीनची सेटिंग्ज, इथरनेट पत्ता (नेटवर्कवरची मशीनची ओळख) आणि होस्ट आयडी (मशीनचा स्वतःचा क्रमांक) हे सगळं तिच्यातच असतं. तिची लिथियमची बॅटरी चिपच्या अंगातच ओतलेली असते आणि ती साधारण दहा वर्षं टिकते. स्पार्कस्टेशन ५ आलं १९९४ मध्ये. म्हणजे तुमची चिप मेलेलीच असणार. सुरू केल्यावर आयडीप्रॉममधला, म्हणजे चिपमध्ये मशीनची ओळख असते त्या भागातला, मजकूर चुकीचा आहे असा संदेश येईल. तो पाहून मशीन खराब आहे असं समजून हात टेकू नका. एवढ्या एका ओळीपायी चांगली चालणारी कितीतरी मशीनं भंगारात गेली आहेत.

चिपवर कागदी लेबल असेल तर ते आधी जपा, फोटो काढून ठेवा. इथरनेट पत्त्याचे शेवटचे सहा अंक बऱ्याचदा त्यावरच छापलेले असतात.

काळीमाती · १२ मे, रात्री ८:३०

दोघांचेही आभार. भाऊ, आज स्वतः बोर्ड उघडून पाहिला. तुमचंच खरं निघालं. तिसऱ्या पिनीची हिरवी वायर बोर्डाच्या मागे अर्धा फूट येऊन तशीच कापून सोडलेली आहे. अठरा वर्षं या घरात राहतोय, आणि याच साकेटवर पाण्याची मोटारही चालते. मशीन बाजूला ठेवलं तरी हे काम आता करणारच. खड्डा कसा घ्यायचा ते नीट सांगा.

रिवायंडिंगवाला · १२ मे, रात्री ९:५०

दीड इंची जीआय पाइप घ्या, अडीच मीटर लांब, खालच्या बाजूले छिद्रं पाडलेला. घराच्या भिंतीपासून दीडेक मीटर दूर खड्डा करा. पाइपाभवती एक थर कोळसा, एक थर मीठ, असं भरत या. वरून नरसाळं बसवा म्हन्जे पानी टाकता येते. तिथून मीटरच्या बोर्डापावेतो तुटक नसलेली, अखंड तार आना.

आता आपल्या काळ्या मातीचं सांगतो. ओली असली का तिच्यासारखी अर्थिंगले चांगली माती नाही. पन उन्हाळ्यात ती फाटते, हातभर भेगा पडतात, अन् पाइपाले सोडून देते. मंग पाइप जमिनीत असूनबी नसल्यासारखा. म्हून एप्रिल-मे मंधी आठ दिवसाले दोन बादल्या पानी टाकाच. झाल्यावर न्यूट्रल अन् अर्थ यायच्या मंधात मीटर लावून पाहा. दोन-तीन होल्टच्या आत पाह्यजे. फेजवर दिवा लावून पाहाची टेस्ट तुमी करू नोका, वायरमनले बलवा.

होल्टेज जास्त झाला का तोडनारा रिले बसवा. इन्व्हर्टर चौकोनी वेव्हचा असन तं त्यावर हे मशीन नोका लावू. साइन वेव्हचा, नाही तं ऑनलाइन यूपीएस, म्हन्जे सदा बॅटरीतूनच करंट देनारा, पाह्यजे.

पूर्णाकाठ · १३ मे, दुपारी २:२०

मी अकोल्याकडे एका प्रयोगशाळेत उपकरणं सांभाळते. हवेबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते.

अशा मशीनची चालू असतानाची तापमानाची मर्यादा ४० अंशांच्या आसपास असते, आणि ती खोलीच्या हवेची. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी पत्र्याखालच्या खोलीत तेवढं सहज होतं. म्हणून मे महिन्यात दिवसा चालवूच नका. पहाटे पाच ते आठ हा वेळ चांगला.

लोक यावर कूलर लावतात, आणि तिथेच घोळ होतो. कूलर हवा गार करतो ती पाण्याची वाफ मिसळून. पॅडवरून उडालेले बारीक थेंब बोअरच्या पाण्यातला क्षार घेऊन येतात. तो बोर्डावर बसतो, पांढरी पूड धरते आणि मग पिना हिरव्या पडतात. माझ्याकडचं एक उपकरण दोन उन्हाळ्यांत असंच गेलं. कूलरची हवा मशीनवर थेट येता कामा नये. दुसऱ्या खोलीत कूलर आणि मशीनच्या खोलीची खिडकी उघडी, एवढं अंतर ठेवा.

सर, तुम्ही हिंगणघाटचे, म्हणजे जिनिंगची रुई हवेत असणारच. धूळ ब्रशने निघते. रुईचे तंतू पंख्याच्या पात्याच्या मुळाशी गुंडाळले जातात आणि तेल ओढून घट्ट होतात. ते चिमट्यानेच काढावे लागतात. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका.

संत्राबाग · १३ मे, सायंकाळी ६:४५

मी वरुडचा. एवढी चर्चा वाचून वाटतं आपण फार घाबरतोय. जुन्या वस्तू दणकट असतात. एकदा लावून पाहायला काय हरकत आहे? चाललं तर चाललं. आणि मागच्या फटींतून पाली शिरतात त्यासाठी आत डांबराच्या गोळ्या टाका, आमच्या स्टार्टरच्या पेटीत आम्ही टाकतो.

जुनं_सोलारिस · १३ मे, रात्री ११:३०

संत्राबाग, पत्रा दणकट असतो हे मान्य. पण पॉवर सप्लायमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वर्षानुवर्षं बंद राहिले की आतला थर कमकुवत होतो. पूर्ण दाब एकदम दिला तर शॉर्ट होऊ शकतात, आणि सोबत मदरबोर्डही जातो. हा बोर्ड दुकानात मिळत नाही. त्यामुळे एकदा लावून पाहू, या वाटेला मी तरी जाणार नाही.

डांबराच्या गोळ्याही नकोत. त्यांच्या वाफेने काही प्लॅस्टिक मऊ पडतं. पालींसाठी मागच्या रिकाम्या एसबस (जोडकार्डांच्या) फटींवर पत्र्याच्या पट्ट्या लावा. पट्ट्या हरवल्या असतील तर बारीक स्टीलची जाळी कापून बाहेरून बसवा. हवा जायला हवी, पाल नको.

संत्राबाग · १४ मे, सकाळी ६:१०

बरं. गोळ्यांचं माहीत नव्हतं, स्टार्टरच्या पेटीतूनही काढतो.

काळीमाती · २ जून, सकाळी ८:१५

तीन आठवडे काही लिहिलं नाही, कारण सांगण्यासारखं झालं ते याच आठवड्यात.

अर्थिंग झालं. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दीड व्होल्टच्या आसपास येतोय. नवी रिले बसवली, शाळेतल्या एका सहकाऱ्याकडून ऑनलाइन यूपीएस मिळाला, त्याला नवी बॅटरी टाकली.

मग झाकण उघडलं. आत रुईचा गादीसारखा थर होता आणि कोपऱ्यात पालीची अंडी, वाळून रिकामी झालेली. ताई, पंख्याचं तुम्ही लिहिलं होतं तसंच. एका पंख्यातून वीतभर दोरा निघाला. ब्रश, ब्लोअर आणि जोडण्यांना आयसोप्रोपिल अल्कोहोल, यात दोन सकाळी गेल्या. पॉवर सप्लायच्या आत हात घातला नाही. त्यातले मोठे कपॅसिटर प्लग काढल्यावरही चार्ज धरून ठेवतात. बाहेरून पाहिलं, कुठे फुगवटा किंवा चिकट डाग दिसला नाही.

झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने तारखा लिहिलेल्या सापडल्या. कोणीतरी दर सहा महिन्यांनी मशीन साफ करून तारीख टाकत होतं. शेवटची तारीख २००४ ची. ती पाहिल्यावर मी बराच वेळ स्क्रू-ड्रायव्हर हातात घेऊन तसाच बसलो होतो. अक्षर एकाच माणसाचं आहे.

भाऊ, तुम्ही फोनवर सांगितलेला सिरीज दिव्याचा बोर्ड वापरला. डिस्क काढून ठेवली आणि मशीनच्या वाटेत २०० वॅटचा साधा बल्ब घातला. बटण दाबल्यावर बल्ब क्षणभर भक्कन पेटला आणि मंद झाला. तसाच पेटून राहिला असता तर आत शॉर्ट आहे हे मशीन न जाळता कळलं असतं. पंखा हळू फिरू लागला. मग बल्ब काढून यूपीएसवर लावलं.

मॉनिटर नाही. कीबोर्ड जोडला नाही की हे मशीन आपोआप सिरियल पोर्टवर बोलतं, म्हणून मागच्या २५ पिनांच्या पोर्ट ए ला दोन संगणक थेट जोडणारी नल मोडेम केबल आणि यूएसबी कन्व्हर्टर लावून लॅपटॉप जोडला. ९६०० चा वेग, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट. पहाटे पाच वाजून वीस मिनिटांनी पहिली ओळ आली. ६४ एमबी मेमरी, इथरनेट पत्ता सगळा एफ-एफ-एफ, आणि आयडीप्रॉमची तक्रार. शेवटी ‘ओके’ आणि पुढे थांबलेला चौकोन, म्हणजे मशीन आज्ञेची वाट पाहतंय.

सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांनी तो ‘ओके’ पाहिला. घरचे झोपलेले होते, सांगायला कोणी नव्हतं. म्हणून इथे सांगतोय.

पूर्णाकाठ · २ जून, सकाळी ९:००

सर, वाचून अंगावर काटा आला. त्या तारखांखाली तुमची तारीख टाका.

जुनं_सोलारिस · २ जून, सकाळी १०:४०

फार छान. पुढचा टप्पा चिपचा. आणि तो डिस्कच्या आधी का, ते सांगतो. तुमच्याकडे सीडी ड्राइव्ह नाही. असता तरी सनला ५१२ बाइटच्या ब्लॉकने वाचणारा लागतो, साध्या पीसीचा बहुतेक वेळा चालत नाही. म्हणजे जुन्या डिस्कवरून मशीन सुरू न करता तिची नक्कल घ्यायची तर मशीन नेटवर्कवरून बूट करायला हवं. नेटवर्कवर मशीन आपला इथरनेट पत्ता सांगून आयपी पत्ता (त्या नेटवर्कवरचा आपला क्रमांक) मागतं, त्याला आरएआरपी म्हणतात. पत्ताच एफ-एफ असेल तर मागणार कसं?

बाजारात जुन्या साठ्यातली ‘नवी’ चिप मिळते, पण तीही वीस वर्षं पडून मेलेली असू शकते. मी मूळ चिपच दुरुस्त करतो. बॅटरीच्या कडेचं काळं आवरण कानशीने हळूहळू घासायचं, बॅटरीकडे जाणाऱ्या दोन तारा उघड्या करायच्या, जुनी बॅटरी तोडून वेगळी करायची आणि त्या जागी सीआर२०३२ चं घर डकवायचं. जुनी तोडली नाही तर ती नवीला शोषून घेते. घड्याळाचा क्रिस्टल असतो त्या बाजूला जाऊ नका. नाकावर फडकं बांधा, ती पूड वाईट.

मग ‘ओके’वर एमकेपी ही आज्ञा वापरून एकेक बाइट लिहायचा. शून्याव्या जागी १. पहिल्या जागी मशीनचा प्रकार, तो रिअल-मशीन-टाइप या शब्दाने मशीन स्वतःच देतं. नंतर इथरनेट पत्त्याचे सहा बाइट, त्यातले पहिले तीन सनचे ठरलेले ८, ०, २०. होस्ट आयडीचे शेवटचे तीन बाइट बहुधा इथरनेटच्या शेवटच्या तीनसारखेच असतात. अखेरच्या जागी आधीच्या सगळ्यांची एक्सॉर बेरीज, म्हणजे हातचा न घेता बिटागणिक केलेली. ती चुकली तर मशीन पुन्हा तीच तक्रार करेल. आकडे हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायात, आहेत हे लक्षात ठेवा.

काळीमाती · १६ जून, रात्री ९:२०

चिपला दोन रविवार लागले. कानस मारताना हात आखडत होता, कारण दुसरी चिप हाताशी नाही. लेबलवरचे सहा अंक भिंगाखाली स्पष्ट दिसले, त्यामुळे मशीनला त्याचा मूळचा पत्ताच परत देता आला. हे मला महत्त्वाचं वाटतं. कुठलाही काल्पनिक पत्ता चालला असता, पण हा त्याचा स्वतःचा आहे.

एक्सॉर पहिल्यांदा चुकली. वहीत हाताने केली होती, एका ठिकाणी हेक्स सोडून दशमानात गेलो होतो. दुसऱ्यांदा बरोबर आली.

आता डिस्क. लॅपटॉपवर लिनक्सचा सर्व्हर उभा केला, त्यावरून मशीनवर नेटबीएसडी ही युनिक्सच्या जातीची प्रणाली बूट केली. फाइलचं नाव म्हणजे आयपी पत्ता हेक्सच्या मोठ्या अक्षरांत आणि पुढे टिंब देऊन सनफोरएम, हे या मशीनच्या जातीचं नाव. यात एक अक्षर लहान राहिलं म्हणून एक पूर्ण सकाळ गेली. डिस्क माउंट न करता, म्हणजे तिच्या फाइली न उघडता, डीडी या आज्ञेने सगळी नक्कल लॅपटॉपवर काढली. एक जीबीची डिस्क, १० मेगाबिटचं नेटवर्क, अर्ध्या तासाच्या आत झालं. दोन ठिकाणी वाचता आलं नाही, बाकी सगळं आलं.

आता एक विचारायचं आहे. डिस्क कोणी पुसलेलीच नव्हती. वापरकर्त्यांच्या फोल्डरांत अहवाल आहेत, नाल्यांचे आणि उतारांचे नकाशे आहेत, आणि लोकांची मेलही आहे. मेल मी उघडली नाही. संस्थेचं नाव इथे लिहिणार नाही. काय करावं?

पूर्णाकाठ · १६ जून, रात्री १०:०५

मेल पुसून टाका, सर. ती त्या माणसांची. नकाशांबद्दल संस्थेला लेखी विचारा. तिथे जाऊन विचारलं तर अजून चांगलं, कागदाला उत्तर मिळेलच असं नाही.

रिवायंडिंगवाला · १७ जून, सकाळी ६:३०

ताई बराबर बोलल्या. माह्याकडं दुरुस्तीले आलेल्या मोबाइलातले फोटो मी पाहत नाही, तसंच हे.

संत्राबाग · १७ जून, दुपारी १:१५

पुढे त्यावर काय चालवणार? सनचं स्वतःचं सोलारिस की नेटबीएसडी?

जुनं_सोलारिस · १७ जून, रात्री ११:००

माझं मत सोलारिस २.६. या मशीनवर सोलारिस ९ पर्यंत चालतं, १० मध्ये ३२ बिटच्या स्पार्क प्रोसेसरचा आधार काढला. पण ६४ एमबीत ९ जड होईल. नेटबीएसडी आजही या मशीनसाठी निघतं. ओपनबीएसडीचं मात्र ५.९ नंतर, म्हणजे २०१६ पासून, बंद झालं. जुनी डिस्क आता काढून ठेवा आणि तिच्या जागी एसडी कार्डवर चालणारा, जुन्या डिस्कचं सोंग घेणारा स्कझी एम्युलेटर बसवा. तुमचा सॉकेट ८० पिनांचा आहे, त्यासाठी ५० पिनांचं अडॅप्टर लागेल. फिरणारी डिस्क नसल्याने मशीन तेवढंच कमी तापेल, आणि वीज अचानक गेली तरी डिस्कचं हेड आपटायची भीती नाही.

काळीमाती · ९ ऑगस्ट, रात्री ८:००

मधल्या काळात पेरणी झाली, शाळा सुरू झाली. कळवायचं राहिलं होतं.

संस्थेत स्वतः जाऊन आलो. कार्यालयातल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं. मेल त्यांच्यासमोर पुसली. नकाशांची प्रत त्यांनी पेनड्राइव्हवर मागून घेतली, त्यांच्याकडे ती उरलेली नव्हती. झाकणातल्या अक्षराचा फोटो दाखवला. तिथल्या एका जुन्या शिपायांनी ते लगेच ओळखलं. प्रयोगशाळेचे तंत्रज्ञ होते, निवृत्त होऊन वर्ध्याला असतात. पुढच्या रविवारी ते मशीन पाहायला येणार आहेत. म्हणून झाकणात माझी तारीख अजून टाकलेली नाही, त्यांच्याकडूनच टाकून घ्यायची आहे.

सोलारिस २.६ बसलं, एम्युलेटरवर. सनच्या १३डब्ल्यू३ या मॉनिटर पोर्टला व्हीजीए अडॅप्टर लावून तीन एलसीडी पाहिले. दोघांनी सिग्नल नाही म्हटलं, तिसऱ्या, शाळेतल्या जुन्या चौकोनी मॉनिटरने चित्र धरलं. सिंक, म्हणजे चित्र जागेवर धरणारे सिग्नल, वेगवेगळी न येता एकत्र येते, ती सगळ्याच पडद्यांना कळत नाही.

पावसाळ्याचं वेळापत्रक असं ठरवलंय. ढग गडगडले की प्लग भिंतीतून बाहेर आणि नेटवर्कची तारही बाहेर, कारण वीज तारेतूनही येते. बंद असताना वर सुती कापड घालतो, प्लॅस्टिक नाही, आत घाम धरतं. शेजारी सिलिका जेलची पिशवी ठेवली आहे, गुलाबी झाली की तव्यावर मंद आचेवर परत निळी करतो. आठवड्यातून दोनदा तासभर चालू ठेवतो, त्याच्या स्वतःच्या उबेने आत कोरडं राहतं.

गेल्या आठवड्यात तीन दिवस लाइन नव्हती. आल्यावर सुरू केलं तेव्हा घड्याळ बरोबर होतं.

पैनगंगा · १० ऑगस्ट, सकाळी ७:३०

सर, मी यवतमाळ जिल्ह्यातला. तुमचा धागा वाचून सांगतो, माझ्या मामांकडे सनचं अल्ट्रा ५ पडून आहे. त्यातही हीच चिप असते का? काढून पाहू का?

काळीमाती · १० ऑगस्ट, सकाळी ८:१०

त्यात एम४८टी५९ असते. जात तीच, पण आतली रचना वेगळी आहे, म्हणून माझ्या मशीनची चिप त्यात चालणार नाही. अल्ट्रा ५ ला आयडीई डिस्क आणि साधा व्हीजीए पोर्ट असतो, त्यामुळे पडद्याचा त्रास तुम्हाला होणार नाही. चिप काढण्याआधी तिची खाच कुठल्या बाजूला आहे याचा फोटो घ्या, आणि दोन्ही टोकांनी थोडी थोडी उचला. एका बाजूने उपटली तर पाय वाकतात.

आणि मामांकडे अर्थिंग आहे का ते आज संध्याकाळीच पाहून या.